२३ हजारांत दोन एमटीबी: काळी घेऊ की निळी? (इंदूर)

सुदामानगरी
नमस्कार मंडळी, धागा काढायची पहिलीच वेळ आहे, लांबलं तर सांभाळून घ्या. सायकल घ्यायची आहे, चार रविवार दुकानं हिंडून शेवटी दोन एमटीबींवर (माउंटन बाइक, कच्च्या रस्त्याच्या जाड टायरच्या सायकली) येऊन अडकलोय आणि दोन्हींची किंमत जवळपास सारखी म्हणून डोकंच चालेनासं झालंय.

आधी माझं सांगतो. वय ४३, उंची ५ फूट ५ इंच, वजन ८२ किलो. घर सुदामा नगरला, ऑफिस पलासियाला, म्हणजे रोजचं जाऊन येऊन १४-१५ किमी धरा. रविवारी सिरपूर तलाव नाहीतर राळामंडळच्या बाजूला, महिन्यातून एकदा महूवरून पाताळपाणी. आणि जानापावची टेकडी चढायचीय, ते दोन वर्षांपासून मनात आहे पण जुन्या सायकलवर जमलं नाही.

बजेट २५ हजार, हेल्मेट-पंप सगळं धरून. हे पैसे दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकलेत त्यामुळे परत चूक करायची नाहीये. परत म्हणतोय कारण तीन वर्षांपूर्वी ९ हजारात एक घेतली होती, फ्रेमवर मोठ्या अक्षरात एमटीबी लिहिलेलं, दोन्हीकडे शॉकर, दिसायला एकदम जबरदस्त. सिमरोलच्या पुढे एका खड्ड्यात मागचा एक्सल (चाकाच्या मधला दांडा) मोडला, चाक तिरकं होऊन फ्रेमला घासायला लागलं आणि ५ किमी ढकलत आणली. दुकानदाराने बदलून दिला, चार महिन्यांनी परत तेच. त्यानंतर ती बाल्कनीतच आहे.

काळी: २२,८०० रु. २९ इंची चाकं, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, पुढे १०० मिमी शॉकर लॉकआउटवाला (हवा तेव्हा बंद करता येतो), २१ गिअर (पुढे ३ × मागे ७), हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक. मडगार्ड, बाटली, स्टँड फुकट. दुकानात फक्त १९ इंची फ्रेम आहे, दुकानदार म्हणतो सीट खाली करून देतो, बसेल तुम्हाला.

निळी: २२,४०० रु. २७.५ इंची चाकं, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, शॉकर ८० मिमी, १६ गिअर (२×८), केबलवाले डिस्क ब्रेक. फुकट काही नाही. १७ इंची फ्रेम हजर आहे.

मन काळीकडे ओढतंय, गिअर जास्त, ब्रेक भारी, चाक मोठं. पण मागच्या वेळीही दिसण्यावरच गेलो होतो. काय करू सांगा.

घाटवेडा
काळी. दुसरा विचारच करू नका.

मी भेरूघाट केबल डिस्कवर उतरलोय. मागे ट्रकांची रांग, वळणावर वळण, आणि अर्ध्या घाटात माझी बोटं इतकी दुखायला लागली की लिव्हर दाबतोय का नाही ते कळेना, शेवटी कडेला थांबून हात झटकत बसलो दहा मिनिटं. नंतर हायड्रॉलिक घेतले, तोच घाट एका बोटावर उतरतो. तुमचं वजन ८२, सायकल १५ किलो, शंभरेक किलो उतारावर थांबवायचंय भाऊ. गिअर कमी पडला तर माणूस उतरून चालतो, ब्रेक कमी पडला तर काय करणार?

पुण्यातून_इंदूरकर
तुमचं बरंचसं चालवणं डांबरावरच दिसतंय, तर हायब्रिड (रस्त्याची सायकल आणि एमटीबी यांच्या मधली) का नाही घेत? माझा मूळ गाव इंदूरच, आता पुण्यात आहे, इथे बरेच जण एमटीबी घेऊन वर्षभरात विकतात कारण जाड टायर रस्त्यावर जड जातात. ७०० बाय ३५ चे टायर, शॉकर नाही, त्याच पैशात दोन-अडीच किलो हलकी सायकल येईल.

सुदामानगरी
@पुण्यातून_इंदूरकर, दादा बरोबर आहे, मी पण चालवून बघितली. पण पाताळपाणीचा शेवटचा पट्टा, सिरपूरच्या पाळीवरचा कच्चा रस्ता, आणि आमच्या कॉलनीत पाइपलाइनसाठी खणून ठेवलेले रस्ते, तिथे मला जाड टायर पाहिजे. आणि खरं सांगायचं तर ऑफिसला मी गाडीने पण जाऊ शकतो, सायकल घ्यायची ती रविवारसाठी. रविवार हाच आठवड्यातला माझा स्वतःचा वेळ आहे.

@घाटवेडा, हे ब्रेकचं वाचून अजून काळीकडे झुकलो.

रामबागवाली
थांबा दादा, पैसे देऊ नका अजून. ५ फूट ५ इंचाला १९ इंची फ्रेम?? दुकानदार सीट खाली करून देतो म्हणाला ते ऐकूनच राग आला मला.

माझी उंची ५ फूट १. मला असंच सांगून १७ इंची दिली होती. सीट खाली केली की पाय टेकतात, त्यामुळे दुकानात दोन मिनिटं बसून सगळं ठीक वाटतं. पण सीट खाली केल्याने हँडल जवळ येत नाही ना. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमच्या वरच्या दांडीवर ठरतं, ते तेवढंच राहतं. मी सात महिने वाकून चालवली, मान, दोन्ही मनगटं आणि कंबर, तिन्हीकडून गेले. डॉक्टरांकडे गेले, गादी बदलली, उशी बदलली. सायकल बदलल्यावर तीन आठवड्यांत सगळं थांबलं. तेव्हा कोणीतरी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून इतकं लिहितेय.

दुकानात जाऊन एवढं करा. सायकलीच्या वरच्या दांडीवर दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून उभे राहा, दांडी आणि तुमच्यामध्ये निदान दोन इंच जागा पाहिजे, कच्च्या रस्त्यावर अचानक उतरायला लागतं तेव्हा तीच कामाला येते. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला पाहिजे, ती तुमची सीटची उंची. त्या उंचीवर हँडल धरलं की कोपर थोडं वाकलेलं राहायला हवं. हात ताठ होत असतील तर ती सायकल तुमची नाही, कितीही गिअर असू देत.

जुनी_चेन
सुदामानगरी, रामबागवाली ताईंनी पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगितलंय. माप चुकलं तर बाकी सगळं वाया. मी निवृत्त माणूस, गल्लीतल्या पोरांच्या सायकली घरीच उघडत असतो, तर मी गिअरचं सांगतो, कारण २१ आणि १६ या आकड्यांवर तुम्ही अडकलेले दिसताय.

गिअर किती यापेक्षा सगळ्यात हलका कोणता आणि सगळ्यात जड कोणता हे बघायचं. त्यासाठी दाते मोजा. दुकानात जाऊन पुढच्या प्लेटा आणि मागच्या चकत्यांचे दाते मोजून इथे लिहा, बहुतेक वेळा त्यावर आकडा कोरलेला असतो, नसेल तर खडूची खूण करून मोजा. मग बोलू.

आणि मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट, तेही बघून या. ओळखायची युक्ती सांगतो. चेन काढायची गरज नाही, मागच्या चकत्या हाताने उलट्या फिरवा, म्हणजे कट-कट आवाज येतो त्या दिशेला. त्याच वेळी चकत्यांच्या मधोमध जो खाचा असलेला भाग दिसतो, पाना बसतो तो, त्याच्याकडे बघा. तो चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि तो जागेवर राहिला तर फ्रीव्हील. कागदावर काय छापलंय ते सोडून द्या, डोळ्यांनी बघा.

नवशिका_राजेंद्रनगर
काका, फ्रीव्हील आणि कॅसेटमध्ये एवढा काय फरक, चकत्या तर चकत्याच ना दोन्हीकडे?

जुनी_चेन
फरक एक्सलमध्ये आहे बाळा. धाग्यातला पहिलाच मेसेज परत वाच, दोनदा मागचा एक्सल मोडला म्हणून लिहिलंय. मला तिथेच कळलं.

फ्रीव्हीलमध्ये कट-कट करणारी यंत्रणा चकत्यांच्या गठ्ठ्यातच असते आणि तो गठ्ठा हबवर (चाकाच्या मधल्या नळीवर) आट्यांनी फिरवून बसवतात. त्यामुळे उजव्या बाजूचं बेअरिंग हबमध्येच आत राहतं, आणि तिथून फ्रेमपर्यंतचा सगळा एक्सल चकत्यांच्या पोटातून आधाराशिवाय जातो. सात चकत्या म्हणजे तेवढं लांब टोक उघडं. त्यावर ८२ किलोचा माणूस खड्ड्यात आपटला की एक्सल आधी वाकतो, मग मोडतो. हलक्या पोराच्या सायकलला पाच-पाच वर्षं काही होत नाही, पण भारी माणसाला आणि खराब रस्त्याला ही रचना पुरत नाही.

कॅसेटच्या हबमध्ये ती यंत्रणा हबचाच भाग असते आणि उजवं बेअरिंग पार बाहेरच्या टोकाला, फ्रेमच्या जवळ येतं. एक्सलला दोन्ही टोकांना आधार. शिमानोने ही फ्रीहबची पद्धत रूढ केली आणि आज बऱ्या सायकलींत तीच असते. चकत्या झिजल्या की नुसता कॅसेट बदलायचा, हबला हात लावायचा नाही.

आणि फ्रीव्हीलच्या सायकलला नंतर कॅसेट लावू म्हटलं तर होत नाही, हब बदलावा लागतो, म्हणजे सगळे स्पोक काढून चाक नव्याने गुंफायचं किंवा सरळ नवीन चाकच.

सुदामानगरी
काका हे वाचून अंगावर काटा आला, अगदी तसंच झालं होतं, आधी चाक थोडं डुगडुगायला लागलं आणि मी बेअरिंग सैल असेल म्हणून दुर्लक्ष केलं. उद्याच जातो दाते मोजायला.

काळीमाती
माझी दोन पैशांची भर. शेत हातोदच्या पुढे आहे, गुलावटला कमळं बघायला जाता त्याच बाजूला, त्यामुळे पावसाळ्यात सायकल त्या चिखलातूनच न्यावी लागते. आपल्या माळव्याची काळी माती ज्याने सायकलने पार केली नाही त्याला सांगून कळायचं नाही. पहिला पाऊस पडला की ती टायरला चिकटते, त्यावर अजून चिकटते, पाच मिनिटांत टायर आणि फ्रेमच्या मधली जागा भरून चाक फिरायचंच थांबतं. त्या फुकटच्या मडगार्डमध्ये तर ती आधी अडकते. मी मडगार्ड काढून ठेवतो आणि खिशात बांबूची चपटी काडी ठेवतो, उकरायला.

म्हणून दोन गोष्टी बघा. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी फ्रेममध्ये बोट सहज जाईल एवढी जागा आहे का. आणि दुसरं, डिस्क दोन्हींना आहे ते बरं आहे, रिमवर दाबणारे ब्रेक त्या चिखलात रिम खातात. केबल असो नाहीतर तेल, चिखलात डिस्कच.

चाकाचं म्हणाल तर २९ खड्ड्यांवरून जास्त सुरळीत जातं हे खरं आहे, मी दोन्ही चालवलीत. २७.५ च्या रिमचं माप ५८४ मिमी आणि २९ चं ६२२ मिमी, फरक दिसायला कमी पण चालवताना कळतो. तरी पाच-पाचच्या माणसाला २७.५ वळवायला सोपं. एक अडचण दोन्हींना सारखीच आहे, गावातल्या पंक्चरवाल्याकडे २६ ची ट्यूब असते, ही दोन मापं नसतात. आपली ट्यूब आपल्याजवळ ठेवायची. अगदीच अडलं तर २७.५ मध्ये २६ ची ट्यूब ताणून घरापर्यंत येता येतं, मी आलोय.

सुदामानगरी
मोजून आलो! खडू घेऊनच गेलो होतो, दुकानातला पोरगा पण मदतीला बसला.

काळी: पुढे ४२-३४-२४, मागे १४ ते २८. मधला भाग फिरला नाही, म्हणजे फ्रीव्हील.
निळी: पुढे ३६-२२, मागे ११ ते ३४. मधला भाग चकत्यांबरोबर फिरला, कॅसेट.

दांडीवर उभं राहून पण पाहिलं ताई. काळीच्या दांडीवर जवळजवळ टेकतोच. निळीवर दोन बोटांपेक्षा बरीच जागा. पण दुकानदार म्हणतो तीन आठवडे थांबलात तर काळी १७ इंचात मागवून देतो. आता परत प्रश्न तिथेच आला.

जुनी_चेन
उलट आता प्रश्न स्वच्छ झाला. मापाची अडचण काढून टाका, दोन्ही १७ धरा आणि हिशोब बघा.

सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढची सगळ्यात लहान भागिले मागची सगळ्यात मोठी. काळी २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. निळी २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५. याला चाकाच्या परिघाने गुणा, २९ ला साधारण २.२९ मीटर, २७.५ ला २.१५ मीटर. पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की काळी १.९६ मीटर पुढे जाते, निळी १.३९.

याचा अर्थ जानापावच्या चढावर काय होतो ते सांगतो. मिनिटाला ६० फेरे हा गुडघ्यांना सोसणारा कमीत कमी वेग धरा. निळीवर ६० फेऱ्यांना ताशी ५ किमी होतात. काळीवर ६० फेरे ठेवायचे तर ताशी ७ किमीने चढावं लागेल. तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून शंभर किलो, चढ शंभराला आठ असेल तर ७ किमीला साधारण १७० वॉट लागतात, ५ किमीला १२०-१२५. तेवढी ताकद टिकवणं आणि १७० टिकवणं यात वयाच्या ४३ व्या वर्षी फार अंतर आहे. काळीवर ५ किमीनेच चढायचं म्हटलं तर फेरे मिनिटाला ४२ वर येतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला उभं राहून दाबायचं. गुडघे तिथे जातात.

आता जड बाजू. काळी ४२ भागिले १४, ३.० बरोबर. निळी ३६ भागिले ११, ३.२७. चाक धरून एका फेऱ्याला काळी ६.८७ मीटर, निळी ७.०३. म्हणजे १६ गिअरवाली सायकल २१ गिअरवालीपेक्षा हलकीही जास्त आणि वेगालाही रेसभर पुढे. २१ मधले कितीतरी गिअर एकमेकांवरच येतात.

घाटवेडा
काका, हिशोब मान्य. दाते मी कधी मोजले नव्हते, आज माझ्या सायकलचे पण मोजले. पण ब्रेकचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही. उतारावर बोटं दुखणं हा आरामाचा प्रश्न नाहीये, जिवाचा आहे.

जुनी_चेन
मागे घेऊही नका, तुमचं बरोबर आहे. उतारावरच्या ब्रेकपायीच तर या सायकलींचा इतिहास सुरू झालाय. १९७६ साली कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत काही मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून शर्यतीत सोडायची. मागच्या हबमध्ये ब्रेक असायचा, तो खाली पोचेपर्यंत इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा आणि हब उघडून परत ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच रीपॅक पडलं. ब्रेकची काळजी म्हणजे अगदी मुळातली काळजी.

पण मला विचाराल तर सारख्या किमतीच्या दोन वस्तूंत एकच प्रश्न विचारायचा, यातलं नंतर बदलता येण्यासारखं काय आणि न येण्यासारखं काय. ब्रेक बदलता येतात, तास-दीड तासाचं काम. फ्रेमचं माप बदलत नाही. मागचा हब बदलायचा म्हणजे नवीन चाकाचा खर्च. काळीने पैसे ब्रेकवर आणि शॉकरवर घातलेत, जे दुकानात दाबून बघता येतं. निळीने हबवर आणि चकत्यांवर घातलेत, जे दिसत नाही.

फक्त एक गोष्ट बघून या, निळीचा ब्रेकचा लिव्हर आणि गिअरचा लिव्हर वेगवेगळे आहेत की एकाच साच्यात जोडलेले. स्वस्त सायकलींत बऱ्याचदा एकत्र असतात. एकत्र असतील तर उद्या हायड्रॉलिक लावताना गिअरचे लिव्हर पण नवीन घ्यावे लागतात आणि खर्च वाढतो.

महूहून
शॉकरबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. १०० विरुद्ध ८० मिमी यावर अजिबात जाऊ नका. या किमतीत दोन्हींत आत लोखंडी स्प्रिंगच असते, फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या, शॉकरवाल्या चिमट्याचं) वजन अडीच किलोच्या आसपास, आणि उसळी आवरायची यंत्रणा जवळपास नसतेच. लहान खड्डे घेतो, बाकी वजन वाहतो. आपल्या रस्त्यांना खरा शॉकर म्हणजे टायरची हवा. तुमच्या वजनाला डांबरावर ४५-५० पीएसआय, कच्च्यावर ३०-३५ करून बघा, टायरच्या कडेला जी मर्यादा छापलीय तिच्या आत. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा मिळेल, पण स्वतःचा मापकवाला पंप घ्याच, कंप्रेसरवर सायकलची ट्यूब सेकंदात फुगून फुटते.

आणि किंमत विचारताना जीएसटी विचारा. सायकलींवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय. जुना स्टॉक असेल आणि जुनाच भाव सांगत असतील तर बिल कितीचं होतंय ते नीट बघा. बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्या, तो पायडलच्या खाली, फ्रेमच्या पोटाला कोरलेला असतो.

नवशिका_राजेंद्रनगर
सेकंडहॅन्ड का नाही बघत? १५ हजारात ह्याहून भारी येते.

महूहून
येते, पण ओळखणारा बरोबर पाहिजे. चेन किती ताणलीय, फ्रेमच्या जोडांना तडे आहेत का, फोर्कचे नळ घासलेत का. चेन मोजायला सोपी आहे, नवीन चेनच्या १२ पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरतात, एक-अष्टमांश इंच जास्त भरली तर चेनबरोबर कॅसेट पण गेलाच समजायचा. आणि बिल नसेल तर हात लावू नका. सुदामानगरी भाऊ एकदा फसलेत, त्यांनी नवीनच घ्यावी असं मला वाटतं.

सुदामानगरी
निळीचे लिव्हर वेगवेगळे आहेत काका. टायरच्या दोन्ही बाजूंनी बोट जातंय. जीएसटी विचारल्यावर दुकानदाराने दुसरी यादी काढली, भाव २१,१०० वर आला, @महूहून तुमचे आभार, त्यात पंप आणि दोन ट्यूब सुटल्या.

दोन्ही परत एकदा चालवल्या. काळी १९ इंची वर हात ताठ होतात, आता ताईंनी सांगितल्यावर कळतंय, आधी मला तेच स्पोर्टी वाटत होतं. घरी बोललो, मुलगी म्हणाली बाबा निळीच, तिला रंग आवडला. रविवारी घेतोय.

रामबागवाली
किती छान! हेल्मेट त्याच दिवशी घ्या, नंतर घेऊ म्हणून राहतं.

जुनी_चेन
घ्यायला जाल तेव्हा घाई करू नका, ती डब्यातून अर्धी जोडलेलीच येते आणि बाकीची दुकानात जोडतात. फोर्क उलटा बसवलेला मी दोनदा पाहिलाय. पुढचा डिस्कचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) तुमच्या डाव्या हाताला यायला पाहिजे, उजवीकडे दिसला तर फोर्क उलटा आहे. पायडल बसवताना डाव्याचे आटे उलटे असतात, जबरदस्तीने फिरवलं तर क्रँक (पायडल बसतो तो दांडा) खराब. दोन्ही चाकं उचलून फिरवा, डिस्क पॅडला घासायला नको.

केबल ब्रेकमध्ये साधारण एकच पॅड हलतं, ते डिस्कला दुसऱ्या पॅडवर दाबतं. म्हणून आतल्या स्थिर पॅडला डिस्कच्या अगदी जवळ आणून ठेवायचं, त्याला बाजूला चकती किंवा एलन-कीची जागा असते. ते केलं नाही तर लिव्हर हँडलला टेकतो आणि लोक ब्रेकला नावं ठेवतात. आणि नवीन पॅड बसायला वेळ लागतो, रिकाम्या रस्त्यावर वेग घेऊन वीसेक वेळा हळूहळू दाबून कमी करा, चाक अडकू न देता. मगच घाटात.

घाटवेडा
आणि पुढे पैसे साठले की फक्त पुढचा ब्रेक हायड्रॉलिक करा, थांबवायचं जास्त काम पुढचाच करतो. काम मी करून देतो, माझ्याकडे हत्यारं आहेत, मजुरीचं नाव काढू नका.

सुदामानगरी
उशीर झाला लिहायला, पाच आठवडे झाले सायकल घेऊन. परवा जानापाव केलं.

सकाळी साडेपाचला निघालो, महूत पोहे खाल्ले, जिरावण मसाला जास्त घालून. पायथ्याशी आल्यावर भीती वाटत होती कारण मागच्या वेळी इथेच उतरून परत फिरलो होतो. काकांनी सांगितलं होतं तसं चढ सुरू व्हायच्या आधीच २२ वर आणलं, वळणं आली तसतसं मागे वाढवत ३४ वर. मग मोजत राहिलो, मिनिटाला ५५ ते ६० फेरे. बाजूने चालत चढणारे दोघे बराच वेळ माझ्याबरोबरच होते इतका हळू होतो. एकदा थांबलो, पाणी प्यायलो, परत बसलो. पण ढकलली नाही, एकही पाऊल ढकलली नाही. चंबळ जिथून निघते त्या कुंडापाशी बसलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ८५० मीटरच्या टेकडीसाठी कोणाला विचित्र वाटेल, पण मला वाटलं.

उतरताना मात्र @घाटवेडा तुमचं पटलं. तीन ठिकाणी थांबून हात मोकळे केले. ब्रेक लागत होते, पण बोटं दुखली हे खरं. पुढचा हायड्रॉलिक पुढच्या दोन महिन्यांत करायचाच.

मागचं चाक अजून सरळ फिरतंय. फक्त पायडल जोरात मारल्यावर मागून टिक-टिक आवाज येतोय, काका, काही काळजी करण्यासारखं?

जुनी_चेन
शाब्बास!

किलोमीटर किती झाले? पहिल्या शंभर-दोनशे किमीत नवीन स्पोक बसतात आणि थोडे ढिले होतात, टिक-टिक बऱ्याचदा त्याचीच असते. दोन-दोन स्पोक एकत्र चिमटीत धरून दाबत चाकभर फिरा, एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा मऊ लागली तर तीच. स्वतः पाना लावू नका, चाक वाकडं होतं. दुकानात पहिली सर्व्हिस फुकट असेल, तेव्हा चाक ट्रू करा (स्पोक ताणून सरळ करा) म्हणून स्पष्ट सांगा, नाहीतर नुसतं तेल लावून परत देतात.

सुदामानगरी
४१० किमी झाले. आत्ता बघितलं, उजव्या बाजूची एक जोडी मऊ आहे. बुधवारी नेतो.